तिकडची लेक बघायला काका आले

परवाच्या शनिवारी मी आफ्रिकेच्या काठावर उभा होतो... म्हणजे सोलापुरातच, युनिव्हर्सिटीच्या हॉलबाहेर, आत आफ्रिकेवरचा कार्यक्रम होता. पोरींनी दारात आफ्रिकेचा नकाशा रांगोळीने काढला होता. तळ्यांत निळा रंग भरलेला, आणि वारा आला की तळी हळूहळू पसरायची. मी किती वेळ बघत बसलो काय माहीत.

खरं तर माझ्याकडे एकच काम होतं. मैंदर्गीहून येणाऱ्या काकांना एसटी स्टँडवरून गाडीवर आणायचं. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून घरातली असली कामं माझीच.

काकांची मुलगी महादेवी, माझी चुलत बहीण, इथे एम.ए. करते. इकडचे विद्यार्थी तिकडे, तिकडचे इकडे, अशा एक्सचेंजमध्ये तिचं नाव लागलंय... सहा महिने टांझानिया, डोडोमा नावाचं गाव. फॉर्मवर वडिलांची सही हवी, सोमवार शेवटचा दिवस, आणि काका पंधरा दिवस नुसतं "बघू की" म्हणत होते. सही नाही तर जाणं नाही. महादेवी नीट जेवतही नव्हती.

आणि मी इकडे नकाशा बघतोय. मग कापडांचा स्टॉल लागला. पिवळी, जांभळी, मोठमोठ्या फुलांची कापडं. तिथे टांझानियाची एक मुलगी उभी होती, तिच्यासोबत सेल्फी काढला. तेवढ्यात काकांचा फोन... पाऊण तास स्टँडवर उभे होते. मी पोचलो तसे माझ्यावर डाफरले,

"बसू, चालत आफ्रिकेला जाऊन आलास व्हय रं?"

मग गाडीवर मागे बसले. हॉलच्या दारात थांबले, चप्पल हातात घेतली आणि रांगोळीला पाय लागू न देता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आत गेले.

आत ढोल झाले, भाषणं झाली, मला मधे डुलकीही लागली. शेवटी एक्सचेंज बघणाऱ्या सरांनी माईकवरून विचारलं, पालकांचे काही प्रश्न? काका उभे राहिले.

"आमची पोरगी तिकडं जानार. मग तिकडची कुटं हाय?"

हॉल हसला. सर म्हणाले, "काका, हे शिक्षणाचं आहे हो."

"मीबी शिक्षनाचंच बोलतोय की. आमच्यात साटंलोटं असतंय. ह्याची लेक त्याच्या घरात, त्याची लेक ह्याच्या घरात. मग दोनी घरं लेकीला नीट बघत्यात. मला काय तितं जाऊन बघता येत न्हाय. तवा तुमी त्यांची लेक कशी ठेवलीय, ते आदी बघतो."

सरांनी पहिल्या रांगेकडे बघितलं.

पहिल्या रांगेतून ती उठली, सकाळच्या स्टॉलवरचीच. नीमा तिचं नाव, महादेवीच्याच वर्गात आहे, तेही मला तेव्हा कळलं. काकांसमोर येऊन जरा वाकली आणि म्हणाली, "शिकामो." महादेवीने सांगितलं, मोठ्या माणसांना तिकडे असं म्हणतात... तुमचे पाय धरते. काकांचा हात आपोआप तिच्या डोक्याकडे गेला.

"चार म्हयने झाले म्हनं, पोरी. कुनाच्या घरी जेवलीस?"

महादेवीने इंग्लिशमध्ये विचारलं. नीमाने थोडा विचार केला आणि हळू आवाजात उत्तर दिलं.  मी महादेवीकडे बघत होतो... एक साधं खोटं, "खूप घरी जेवली बाबा," एवढं बोलली असती तर सही तिथल्या तिथे झाली असती. कुणाला कळलंही नसतं.

महादेवी काकांकडे वळली. "कुणाच्याच नाही, बाबा. मेसमध्येच जेवते. फोटो सगळे काढतात, घरी कुणी नेलं नाही... मीपण नाही."

माझी मान खाली गेली. काकांनी महादेवीने दिलेल्या फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली. संपलं, मला वाटलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या त्या पोरीला घरी घिऊन ये, बसू. येळेवर."

"आणि सही?" महादेवीने विचारलं.

"ते उद्या."

रविवारी आम्ही तिघं एसटीने निघालो. नीमा खिडकीशी. अक्कलकोट सोडलं आणि दोन्ही बाजूंना कणसाला आलेली ज्वारी, वाऱ्याने एकाच अंगाला झुकणारी. ती काचेला बोट लावून म्हणाली, "मतामा." त्यांच्याकडेही हेच पिकतं म्हणे. मग मला उगाच वाटत राहिलं की हे रान असंच पुढे जातं... समुद्राखालून जातं आणि तिकडे पुन्हा वर येतं.

दारात काकू "बा, बा" म्हणजे ये, ये म्हणत आल्या. काकू दिवसभर तिच्याशी कन्नडच बोलल्या, आणि दोघींचं काही अडलं नाही. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर गव्हाची गोड खीर, हुग्गी. जेवण झाल्यावर काकूंनी तिला पाटावर बसवलं. पदर नव्हता, म्हणून तिने गळ्यातलं फुलाफुलांचं कापड पसरलं, त्यात काकूंनी ओटी भरली. काकू तिच्या कपाळाला कुंकू लावत होत्या आणि ती रडत होती.

मग तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. डोडोमाजवळच्याच गावात घर त्यांचं. काकांनी टोपी नीट केली, फोन दोन्ही हातांत धरला.

"तुमची लेक आमच्यात जेवली. आता दर रविवारी हितंच. आमची येतीया तुमच्याकडं... बघा जरा."

पलीकडून ती बाई बराच वेळ बोलली, छातीवर हात ठेवून. नीमा सांगायला लागली तर काकांनी थांबवलं.

"कळलं की."

फोन तिच्या हातात दिला, खिशातून फॉर्म काढला, मांडीवरच पसरला आणि सही केली. महादेवी पाया पडली, तेव्हा नीमाही पडली.

मी एवढा भटकतो, कुठेही झोपतो, कुणाच्याही ताटात जेवतो... पण माझ्या गावात लांबून आलेल्या माणसाला "घरी चल" म्हणायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. काका, त्यासाठी खूप खूप आभार.