बर्फाच्या क्रशरची मोटार

जना मिस्त्री गेल्याचं मला पनवेलला त्यांच्या दुकानाच्या बंद शटरसमोर कळलं. "सकाळी चहा घेतला आणि बसल्याजागीच..." शेजारचा शिंपी म्हणाला. त्या दिवसाला आता तीन आठवडे झाले. सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात, मीही बोलतो. पण जे बोलायला हवं होतं, ते त्यांच्यासमोर कधी बोललो नाही.

दहाएक वर्षांपूर्वी मी मोटारी विकणाऱ्या कंपनीत नवा इंजिनीअर होतो. मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, जळलेल्या मोटारींना पुन्हा तार भरून द्यायचे. उरणजवळच्या करंजा बंदरातल्या एका बर्फ कारखान्याला लाद्या फोडणाऱ्या क्रशरसाठी मोटार हवी होती. मी केज मोटार निवडली. साधी, दणकट, देखभाल जवळपास नाही. मामा म्हणाले, "सायब, स्लिपरिंग द्या. वजन घेऊन उठनारी हाय ती."

"तिचे कार्बन झिजतात, मामा. ते कोण बदलत बसणार? आणि क्रशर रिकामाच चालू करतात."

"पुस्तकात करतात! होडीवाले वरडत असतात, मंग हे आधी लाद्या कोंबतात नि मंग बटन दाबतात. येकदा जाऊन तरी बघा."

मी गेलो नाही. महिन्याभरात मोटार जळली. मामांनी ती भरून दिली, ती पुन्हा जळली. तेव्हा मात्र मी करंजाला गेलो आणि बर्फाने गच्च भरलेला क्रशर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला; त्या वजनाखाली केज मोटार उठूच शकत नव्हती. कारखान्याचे शेठ मामांवर खवळले होते, "तार हलकी घातलीस काय रे?" माझी नोकरी नवी होती... मी म्हणालो, "वाइंडिंगमध्येच काहीतरी राहिलं असेल." मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपली हत्यारं पिशवीत भरली. करंजाचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. उरणकडची इतर गिऱ्हाइकंही तुटली. पुढे तिथे स्लिपरिंग मोटार बसली, मीच बसवली.

तरी मी त्यांच्या दुकानात चहा पीत राहिलो. एकदा दुसऱ्या एका कारखान्याच्या पंख्यासाठी कोणती मोटार घ्यावी असं विचारलं, तर म्हणाले, "केज लावा बिनधास्त. पंखा रिकामाच सुरू व्हतो, सायब." आणि हसले. तेव्हा तरी मी माफी मागायला हवी होती.

मामांना दम लागतो असं कळलं, तेव्हा कुठे करंजाला जाऊन मी शेठना सगळं सांगितलं. "मंग तवा का नाय बोललास?" त्यांनी विचारलं. मग त्यांनीच पंपाची एक जळकी मोटार टेम्पोत चढवली. "मिस्त्रीलाच दे. सांग, शेठनं पाठवलीय." तो टेम्पो घेऊनच मी त्या शटरसमोर उतरलो होतो.

दुकानाची किल्ली शिंप्याकडे होती; मोटार आता मामांच्या बाकावर आहे. परवा मामी दुकान झाडत होत्या. "ही कुनाची?" त्यांनी विचारलं.

"करंजाची."

"करंजाची?" त्यांनी झाडू खाली ठेवला आणि पदराने मोटार पुसायला घेतली. ते काम कोणामुळे सुटलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.