आणखी एक निरी

बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुसुमकाकू आपलं वजन किती उतरलं ते साडीवरून ताडायच्या. सकाळी कुंपणापाशी येऊन पोटाशी खोचलेल्या निऱ्या दाखवत म्हणायच्या, "बघ गं, आज आणखी एक निरी बसली."

हे नटण्याचं वेड नव्हतं. त्यांचा एकुलता एक निखिल, कारखान्यात टेक्निशियन, डायलिसिसवर होता. काकूंची किडनी त्याला जुळत होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. काकूंनी भात सोडला, पोळी अर्ध्यावर आणली, तरी इस्पितळातला काटा जागचा हलेना. तिकडे पोरगा सुकत चालला होता. मला ते बघवत नसे.

मग कुणीतरी आनंद नगरमधल्या, चिनी जडीबुटी देणाऱ्या एका बाईंचं नाव सांगितलं. मी सोबत गेले. बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पुड्या दिल्या. "माताजी, चाय की तरह गरम पानी में डालना, बस. वजन धीरे-धीरे उतरेगा. जल्दी मत करना." निखिलचं, किडनीचं काकूंनी अवाक्षर काढलं नाही. बाईंनी औषध नाकारलं तर, ही धास्ती. रिक्षात मला म्हणाल्या, "धीरे-धीरे म्हणे. माझ्या पोराकडे वेळ कुठं आहे?"

काकूंचं माहेर ग्वाल्हेरचं, वैद्याघरचं. "आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवला नाही तर तो काढा कसला?" हे त्यांचं नेहमीचं. चिनी पुड्याही त्यांनी तशाच आटवल्या, एकीच्या जागी तीन-तीन. घरभर कडवट वास सुटायचा.

"काकू, त्या बाई नको म्हणाल्या होत्या ना?"

"तुला लेकरू असतं म्हणजे कळलं असतं."

ते फार लागलं. मी पुन्हा बोलले नाही. काकूंचा चेहरा काळवंडत चालला होता. त्यांचं लक्ष फक्त निऱ्यांकडे होतं.

शेवटी तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळले. "माँजी, किडनी तो आपकी भी खराब हो गई है. क्या ले रही थीं आप?"

काकू निऱ्यांवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पर वजन तो बराबर आ गया न, साहब?"

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. निखिलच्या आधी गेल्या. त्यांना शेवटची साडी नेसवायला आम्ही शेजारणी बसलो. मी निऱ्या घालत होते आणि कापड संपत नव्हतं. दाराबाहेरून निखिलने विचारलं, "ताई, झालं का?"

माझ्याच्याने त्या निऱ्या खोचवेनात.