दारातला शनी

वसमतकडे हळद शिजायला लागली की त्या वासासरशी मला माझा क्रोशाचा सूर्य आठवतो. कॉलेजात असताना मी दारासाठी ग्रहमालेचं तोरण विणलं होतं. पिवळी लोकर मिळाली नाही म्हणून सूर्याचा पांढरा दोरा हळदीत बुडवला आणि शनीची कडी लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदातून कापली. तोरण बांधलं त्याच दिवशी गावाकडून आत्या आली. एकेका ग्रहाचं नाव विचारत शनीपाशी पोचली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. “शनी दारात काहून टांगला गं? म्या न्हाई त्याच्या खालून येनार!” “आत्या, लोकरीचा हाय तो.” “लोकरीचा असू दे, न्हाईतर सोन्याचा. शनीच हाय ना?” आई पदर तोंडाला लावून हसत होती. आत्यानं चहासुद्धा पायरीवरच घेतला. शेवटी मी सुई घेऊन तिच्याशेजारी बसले, एक लिंबू न् चार हिरव्या मिरच्या विणल्या आणि शनीखाली बांधल्या. आत्यानं मिरच्या चाचपून पाहिल्या, “आता बराबर,” म्हणाली आणि थाटात आत आली. ते तोरण आता माझ्या दाराला आहे. परवा माझ्या लेकीनं शाळेत शनीचं चित्र काढलं. कडी अगदी नीट काढली होती, आणि खाली लिंबू-मिरची.