अंगठा रोवणारी
ती धानाच्या मुलखातल्या कुरखेड्याची, मी कापसाच्या मुलखातल्या राजुऱ्याचा. या परदेशी थंड शहरात आमच्या खोल्या समोरासमोर आहेत. बर्फावर मी रोज आपटतो. ती मात्र धानाच्या बांधीतल्या निसरड्या धुऱ्यावरून, त्या अरुंद मातीच्या बांधावरून चालावं तशी, गुडघे वाकवून, बुटातसुद्धा अंगठे रोवत चालते आणि मागे वळून मला झापते, "टाचेवर काऊन चालून राह्यला बे? पयले अंगठा रोव!"

परीक्षेच्या सकाळी कॉलेजसमोरच्या गोठलेल्या चढावर आमचे प्राध्यापकच घसरून बसले. त्यांचा जन्म इथल्याच बर्फातला. हिने त्यांना उठवलं, हात धरला आणि सरळ मराठीतच सांगितलं, "भाऊ, अंगठा रोवा." तिच्या पायांकडे बघत, तशीच पावलं टाकत ते वर पोचले. मग खाली ताटकळलेल्या आम्हा सगळ्यांकडे वळून खणखणीत ओरडले, "अंगठा रोवा!"