गवत कापायचं मशीन आणि आमचे साडू

माझ्या साडूंइतका चिकित्सक माणूस अवघ्या इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि आणखी एक होऊ नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. चप्पल घ्यायची तर ते ती पायात घालून बारामतीच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन येतात आणि तोवर दुकानदाराकडे तारण म्हणून मला बसवतात. पंख्याच्या दुकानात घटकाभर पंख्याखाली उभे राहतात आणि "वारं बरं हाय, पण आवाजात दम न्हाय" म्हणून बाहेर पडतात. कलिंगडवाले त्यांना लांबून येताना पाहून गाडीवर पोतं टाकतात. मुलगी पाहायला जाताना तिच्या थोरल्या मेव्हण्याचीही चौकशी करावी, हे मला त्या काळी कुणी सांगितलं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर साडूंनी लासुर्ण्याजवळ टेकाडावर घर बांधलं आणि पुढच्या लांबरुंद उतारावर चक्क हिरवळ लावली. नजर पोचेल तिथवर ऊस आणि मधे हे गवत. जन्मभर उसाला पाणी सोडलेला माणूस. त्यांनी हिरवळीलाही शेणखत घातलं, पाट काढून पाणी दिलं. व्हायचं तेच झालं. पावसाळा सरता सरता गवत गुडघ्याला लागलं. त्यातच एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला, की साखरपुडा कार्यालयात नको, घरच्या हिरवळीवरच व्हायचा. तुळशीच्या लग्नानंतर लगेचची तारीख धरली. एवढा उतार विळ्यानं सारखा कापला जाईना, म्हणून पेट्रोलवरचं मशीन घ्यायचं ठरलं. निवड करायला अर्थात ते, आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून हिंडवायला रजा टाकून मी.

पुण्यातली दुकानं पालथी घातल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पाव्हणं, चढ काय दुकानात येत न्हाय. दुकानानंच चढावर यायचं." मग टेम्पोत मशीनं घालून माणसं येऊ लागली. पहिलं मशीन साडूंनी एका हातानं उचललं आणि खाली ठेवलं. आमच्याकडे लोखंडाची पारख वजनावर. नांगराचा फाळ असो की तवा. "फुलपाखरू हाय हे. न्या." दुसरं इतकं जड, की ते वर चढवायला दोघे लागले आणि उतरताना त्यानं विक्रेत्यालाच ओढत खालच्या उसात नेलं. "ह्याला आवरायला एक बैल लागंल," साडू म्हणाले, तेही कौतुकानं. तिसरं मात्र नामी होतं. चाकं आपणहून ओढायची, उताराला आडवं धरलं तरी कलायचं नाही, आणि मागं न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखा पट्टा. मी मनातल्या मनात पेढे वाटले. साडूंनी विक्रेत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजची रात हितंच राहू द्या. सकाळी पहिल्या झटक्याला चालू झालं, तर घेतो. सांजच्याला गोड बोलणारी इंजनं सकाळी रुसत्यात."

"काका, मशीन मुक्कामाला राहत नसतं," विक्रेता म्हणाला आणि मशीन टेम्पोत घालून निघून गेला.

साखरपुडा चार दिवसांवर आला होता. मुलगी आत रडत होती. माझा संयम सुटला. "अहो, गवत कापायचं मशीन आहे ते. जावई करून घ्यायचा नव्हता तुम्हाला."

साडू शांतपणे म्हणाले, "जावई तर तुमी आणलाय, पाव्हणं. त्याला मी कुठं काय इचारलं?"

खरंच होतं. स्थळ माझ्या बँकेतल्या सहकाऱ्याच्या मुलाचं. साडूंनी ना पगार विचारला, ना घर पाहिलं. "तुमी बघितलंय न्हवं?" एवढं म्हणून होकार दिला होता. आणि खरं सांगायचं, तर त्या मुलाला मीही चहापुरताच ओळखत होतो.

हिरवळ वाचवली ती मेंढ्यांनी. दिवाळीनंतर धनगरांचे कळप आमच्याकडून कोकणाच्या वाटेला लागतात आणि जाता जाता शेतकरी खतासाठी ते रानात बसवून घेतात. दुसऱ्या दिवशी असाच एक कळप खालच्या रस्त्यानं चालला होता. साडूंनी तो वर बोलावला आणि धनगराला म्हणाले, "आधी एकच सोडा. बघू कशी चरती."

"तात्या, मेंढी हाय ती," धनगर म्हणाला. "गवत खाती. त्यात काय बघायचं?"

तरी त्यांनी एकच सोडायला लावली. मी संतापून विहिरीकडे निघून गेलो. परत आलो तेव्हा कळप सगळ्या उतारावर पसरला होता आणि साडू प्रत्येक मेंढीच्या मागून वाकून गवत तपासत होते.

साखरपुडा त्या उतारावरच झाला. लेंड्या वेचता वेचता आमच्या कमरा मोडल्या, पण पाहुण्यांनी हिरवळीची तारीफ केली. मुलीच्या बोटात अंगठी चढत असताना साडू माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पोरगं चांगलं हाय न्हवं, पाव्हणं?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी दिवाळीला माहेरी आली, की मी आजही बारामतीहून लगेच लासुर्ण्याला जातो. सगळे फराळाला बसतात आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. "काका, काय बघताय?" ती हसून विचारते. मी म्हणतो, काही नाही. ती पुन्हा हसते. मग कुठं मला लाडू गोड लागतो.