बिनहीटरची टाकी

टाकीचं झाकण उचलून, लोणच्याची बरणी बघावी तशा मॅडम आत वाकून बघायच्या आणि झाकण पुन्हा लावत म्हणायच्या, "अजून भिजू दे."

चाकणच्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत त्या कांबींच्या विभागाच्या प्रमुख होत्या; मी अहवाल लिहायचे. बांधकामात हल्ली लोखंडाऐवजी काही ठिकाणी काचेचे धागे राळेत बसवून केलेल्या कांबी घालतात. त्या गंजत नाहीत. पण काँक्रीटच्या पोटातला क्षार काचेला हळूहळू खातो. किती हळू, हे कळावं म्हणून मॅडम कांबी तशाच क्षाराच्या पाण्यात बुडवून ठेवत आणि मग यंत्रावर ताणून तोडत.

माल विकायची घाई असलेल्यांसाठी गरम टाक्या होत्या. उष्णतेने कांब लवकर म्हातारी होते, काही महिन्यांत पुढच्या कित्येक वर्षांचा अंदाज बांधता येतो. कोपऱ्यातल्या एका टाकीला मात्र हीटर नव्हता. मॅडमनी ती नोकरीला लागल्या लागल्या स्वतः भरली होती. वर्षातून एकदा तिच्यातली एक कांब काढून त्या तोडायच्या.

"मॅडम, कांबी भिजवल्यात की साबुदाणा?" एक पुरवठादार नेहमी चिडवायचा.

"साबुदाणा सकाळपर्यंत फुगतो हो. यांना माझ्या निवृत्तीपर्यंत तरी वेळ द्या."

मला एकदा म्हणाल्या, "अगं, इमारत काही गरम पाण्यात उभी राहणार नाही. एक तरी कांब तिच्या तिच्या वेगाने म्हातारी झालेली बघायला नको का?"

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याचं काम कुणी मागितलेलं नसतं, आणि त्याच्या टेबलाजवळून जाताना सगळे थोडे हसतात. आम्हीही हसायचो.

मग त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. कर्करोग होता. पिंपरीच्या दवाखान्यातल्या बाकावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, अजून काही वर्षं मिळतील." एक घोट घेऊन पुढे म्हणाल्या, "गरम टाकीतलाच अंदाज."

हसल्या त्या एकट्याच.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्या टाकीतलं पाणी कमी होऊ देऊ नकोस. कांबी उघड्या पडल्या की आजवरचं सगळं वाया."

अंदाज चुकला. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

मी पाणी घालत राहिले. मग नवं यंत्र यायचं ठरलं आणि मालक कोपऱ्यात येऊन उभे राहिले.

"ही टाकी कुणासाठी चाललीय?"

"कुणी मागितलेली नाही," मी म्हणाले. "पण सर, इतकी जुनी टाकी आपल्याकडे दुसरी नाही. यंत्र पलीकडच्या भिंतीला बसेल."

"मॅडम गेल्या ना आता," ते म्हणाले. आवाज मऊ होता.

गुरुवारच्या सुट्टीत त्यांनी टाकी रिकामी करवली. शुक्रवारी फरशीवर क्षाराचं पांढरं वर्तुळ उरलं होतं. कांबी भंगारात गेल्या असतील असं मी धरून चालले.

पुढे कधीतरी वॉचमनकाका सहज म्हणाले, "टाकूनच देनार व्हते, ताई. मंग मी घरी नेल्या."

मी निघोज्याला त्यांच्या घरी गेले. मागच्या अंगणात काही कांबी मातीत रोवून काही वर आडव्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. एकीला मॅडमनी लावलेली चिकटपट्टी अजून होती; तिच्यावरचा आकडा उन्हाने गेला होता. परत बुडवून उपयोग नव्हता. मधले कोरडे दिवस कुठल्याच हिशेबात बसले नसते.

काकू बादली घेऊन आल्या. एक कांब हलवून म्हणाल्या, "लई चिवट हायेत बघा. गंजत बी न्हाईत म्हनं. किती वर्सं टिकतील हो, ताई?"

"सांगता येणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बादली वेलाच्या मुळाशी ओतली. कांबीही थोड्या भिजल्या.