विहिरीला घातलेली हॅट

"झोपा," बापटसाहेब म्हणाले, आणि मी विहिरीवर पालथा झोपलो.

विहिरीवर म्हणजे विहिरीच्या सिमेंटच्या झाकणावर. चैत्रातली दुपार, चार वाजत आलेले, झाकण तव्यासारखं तापलेलं. भोवती सगळी वाडी उभी. मी मलेरिया खात्यातला इन्स्पेक्टर, प्रोबेशनवर, आणि खाली कोण रडतंय ते कान लावून साहेबांना सांगायचं होतं.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण माझ्या मुलांना अजून वाटतं की मी डास मारायचो. आम्ही अळ्या शोधायचो. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यांतून अळ्या, अळ्यांतून पुन्हा डास. अंधेरी तेव्हा मुंबईत नव्यानं घेतलेली, आणि तिथे वाडीवाडीला विहीर. नळ आला की विहीर वापरातून जायची आणि अळ्यांना आंदण मिळायची. म्हणून नोटीस द्यायची, झाकण घालून घ्यायचं, रिपोर्ट लिहायचा.

वर्सोव्याच्या रस्त्याला भागीरथीकाकूंची वाडी होती. काकू मालवणकडच्या, सात भाडेकरूंच्या मालकीण. विहिरीत आसरा राहतात, त्यांनी सांगितलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी. झाकण घातलं तर त्यांनी श्वास कुठून घ्यायचा? मी अंधश्रद्धेवर तासभर भाषण केलं. ते संपेपर्यंत काकूंचे तांदूळ निवडून झाले. शेवटी तडजोड निघाली. झाकणात छातीइतका उंच लोखंडी पाइप उभा बसवायचा, आसरांना हवा मिळायला. पाइपच्या तोंडाला बारीक तारेची जाळी, डास आत जाऊ नयेत म्हणून. देवही खूश, खातंही खूश. मी स्वतःवर इतका खूश झालो की दादरला जाऊन होणाऱ्या सासऱ्यांना हे सगळं सांगून आलो.

होणाऱ्या म्हणजे, नोकरी कायम झाली तर होणाऱ्या. प्रोबेशनवरच्या माणसाला ते मुलगी देणार नव्हते. कन्फर्मेशनचा कागद महिन्याभरात निघायचा होता.

चैत्र लागला आणि विहीर रडू लागली. रोज दुपारी चारला, बाईमाणसासारखी, लांब गळा काढून. तीन दिवसांत, लोकांच्या बोलण्यात, त्या विहिरीत कधीही न बुडालेल्या दोन सुना आणि एक गोरा शिपाई बुडाले. दोन भाडेकरूंनी बिऱ्हाड हलवलं. शेजारच्या वाड्यांनी आमच्या नोटिसा परत केल्या. मी समजूत घालायला गेलो तर काकूंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. "कोंडून ठेवलंस तर त्यो रडतल्यो नाय तर काय ओव्यो गातल्यो, मेल्या?" मग त्यांनी थेट साहेबांकडे अर्ज केला, झाकण फोडा म्हणून. ते फुटलं असतं तर माझं कन्फर्मेशन त्याच विहिरीत पडलं असतं.

"काय ऐकू येतंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

तेवढ्यात आवाज आला. बायका मागे सरल्या. मी सरकू शकत नव्हतो, म्हणून ऐकत राहिलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. आवाज खालून येत नव्हता. माझ्या डोक्यावरून येत होता.

मान वळवून वर पाहिलं. पाइप. समुद्राकडचा वारा सुटला होता आणि पाइपच्या तोंडावरून जात होता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घुमते, तसा तो पाइप घुमत होता. आणि त्याला जाळी नव्हती.

जाळी स्टोअरमधून यायची होती. पुढच्या आठवड्यात येईल, असं स्टोअरवाले म्हणाले होते. इकडे महिनाअखेर आलेली, काम पुरं झालेलं दाखवायचं होतं. मी जाळी रिपोर्टात बसवून टाकली. पाइपवर पुढच्या आठवड्यात बसवू म्हटलं, आणि साफ विसरलो.

भुताला मी भ्यालो नव्हतो. आता भ्यालो.

उठलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "साहेब, मला वाटतं, आसराच असाव्यात."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्या दिवशी माका शाणपण शिकयत होतो. आज ह्येकाच दिसाक लागल्यो?"

मी काकूंकडे पाहिलं नाही. साहेबांना सांगितलं की शास्त्राला सगळंच कळतं असं नाही, एक नारळ देऊन बघू, आणि हा पाइप आसरांना पसंत दिसत नाही, तो मी आजच काढून टाकतो.

साहेब पाइपपाशी गेले, डोक्यावरची हॅट काढली आणि पाइपच्या तोंडावर ठेवली. रडणं तिथल्या तिथे थांबलं. हॅट उचलली, रडणं सुरू. ठेवली, बंद. बायकांनी हात जोडले.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि फाइलमधून माझा रिपोर्ट काढला. एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे जाळी आहे." बोट पाइपकडे नेलं. "तिथे नाही."

"बसवायची राहिली, साहेब."

"आणि मघाशी त्या आसरा?"

"तुम्ही हॅट काढेपर्यंत होत्या, साहेब."

ते रागावणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांचं बोट कागदावर आणखी खाली सरकलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. 'प्रत्यक्ष पाहणी केली.' खाली त्यांची सही. ती त्यांनी ऑफिसात, चहा पिता पिता केलेली होती, माझ्यासमोर. बराच वेळ आम्ही दोघंही ती सही बघत होतो.

"उद्या चारच्या आत जाळी बसली पाहिजे," ते म्हणाले. "तुमचं प्रोबेशन सहा महिने वाढवतो." फाइल बांधता बांधता पुढे म्हणाले, "माझं वाढवणारं इथे कोणी नाही, म्हणून फक्त तुमचं."

वारा उद्यापर्यंत थांबणार नव्हता, म्हणून हॅट पाइपवरच ठेवून साहेब बोडक्यानं उन्हातून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी जाळी बसवली. वारा जाळीत विरला, पाइप गप्प झाला. भाडेकरू परत आले. मी काकूंना बाटलीत फुंकून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, आसरांना इतके दिवस कोणी मान दिला नव्हता, साहेबांनी स्वतःची टोपी काढून दिली, म्हणून त्या निवल्या. हॅटला तोवर हळदकुंकू लागलं होतं. साहेबांनी ती परत मागितली नाही.

सासरे सहा महिने थांबले. तेव्हापासून मी कुठलाही कागद लिहिण्याआधी त्या वस्तूला हात लावून पाहतो. घरच्या वाण्याच्या यादीतसुद्धा डबा उघडल्याशिवाय 'साखर संपली' असं लिहीत नाही. बायकोला मात्र या गोष्टीतून वेगळंच कळलं आहे. तिचं म्हणणं, आसरांनी तिला या लग्नाचा फेरविचार करायला चांगले सहा महिने मिळवून दिले होते, तिनंच ते साड्या बघण्यात घालवले.